नववीच्या वर्गातली पुस्तकं काढली. पालकांनी काय करायचं?

मलप्रभाकाठ
नमस्कार. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातली. माझी मुलगी एका अनुदानित मराठी हायस्कूलमध्ये नववीत आहे. शाळेचं नाव देत नाही, कृपया विचारूही नका. तिथल्या शिक्षकांना माझ्या लिहिण्याचा त्रास व्हायला नको.

तिच्या वर्गात मागच्या भिंतीला लाकडी फळ्या ठोकलेल्या आहेत. मराठीच्या बाईंनी माजी विद्यार्थ्यांकडून, गणेशोत्सव मंडळाकडून पुस्तकं मागून आणून त्या भरल्या होत्या. शंभरेक असतील. गोष्टी, चरित्रं, पक्ष्यांची माहिती, विज्ञानाचे प्रयोग, थोडी कन्नड गोष्टींची पुस्तकं, बालभारतीची जुनी पाठ्यपुस्तकं, आणि दाभणाने सुतळी ओवून शिवलेले दिवाळी अंक. कुलूप नव्हतं. कडेला खिळ्याला एक शंभर पानी वही दोरीने बांधलेली असायची. पुस्तक नेताना मुलांनी स्वतः नाव, पुस्तक, तारीख लिहायची आणि परत आणलं की काट मारायची. गेल्या पालकसभेला मी ती वही चाळली. काही पुस्तकांपुढे इतकी नावं होती की रकाना संपून समासात लिहिलेलं. एका मुलाने नावापुढे "अजून दोन दिवस" असं लिहून ठेवलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा फळ्या रिकाम्या. पुस्तकं खताच्या पोत्यांत भरून खेळाच्या सामानाच्या खोलीत टाकलीत. हेडमास्तरांना विचारलं. "वरून सांगितलंय, वर्गात अभ्यासक्रमाबाहेरचं काही दिसायला नको, तपासणी आहे." लेखी आहे का? "तोंडी." कुणी सांगितलं? गप्प. कुठल्या पुस्तकाला हरकत? "सगळीच काढलीत, मग कुठल्या एकाचा प्रश्नच नाही."

त्या खोलीचं छप्पर गळतं. खानापूरचा पाऊस इथे कुणाला समजावून सांगायला नको. श्रावणापर्यंत त्या पोत्यांत बुरशी धरेल, म्हणून घाईने लिहितेय.

"ग्रंथालयाच्या कपाटात नीट ठेवू" असं आता म्हणताहेत. मला ते उत्तर पटत नाही. कपाटाला कुलूप, किल्ली एका सरांकडे, सरांना रोज सहा तास. माझी मुलगी वाचायला लागली ती पावसामुळे खेळाचा तास बुडायचा तेव्हा, हात लांब केला की पुस्तक मिळायचं म्हणून. किल्ली मागायला ती कधीच गेली नसती. पुस्तकं वर्गात परत यायला हवीत. त्यासाठी कुणाकडे जायचं, काय लिहायचं, जाणकारांनी सांगा.

उचगावचा
मावशी, ह्यात कोडं कसलं? मराठी पुस्तकं होती म्हणून काढली. आमच्या गावात साहित्य संमेलन भरतंय, ग्रंथदिंडी निघत्या, पालखीत पुस्तकं घालून सगळा गाव नाचतोय. कडोली, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, सगळीकडं तेच. आणि त्याच गावातल्या पोराच्या वर्गात पुस्तक ठेवायचं झालं की साहेबाला भ्यायचं? १९८६ ला कन्नडसक्तीच्या विरोधात आमची माणसं गोळीबारात गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला दर १ जूनला आम्ही हार घालतोय ते कशासाठी? अर्ज करत बसू नका, मोर्चा काढूया. उचगावातनं गाड्या भरून येतो.

हेडमास्तर_निवृत्त
मी निपाणी भागात हायस्कूलला नोकरी केली, शेवटी हेडमास्तर होतो. ताई, तुमच्या हेडमास्तरांचं मी समर्थन करत नाही, पण त्यांच्या टेबलाच्या त्या बाजूला मी बसलेलो आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

तपासणीला साहेब येतात तेव्हा पहिल्यांदा दाखलनोंद वही मागतात. शाळेतल्या प्रत्येक पुस्तकाला त्यात क्रमांक असतो. कुठून आलं, किंमत किती, कधी आलं. बाईंनी मागून आणलेल्या पुस्तकांची नोंद त्या वहीत झालेली नसणार, हे मी पैजेवर सांगतो. ती नोंद करायला कुणाला वेळ नसतो आणि देणगीची पुस्तकं असली की "राहू दे, नंतर बघू" होतं. मग साहेबांनी विचारलं, ही पुस्तकं कुणाची, तर हेडमास्तरांकडे उत्तर नाही. शेरा पडतो. अनुदानित शाळेत एक वाईट शेरा किती वर्षं पुरतो हे बाहेरच्याला कळत नाही. त्यात महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने छापलेलं एखादं पुस्तक दिसलं की सीमाभागात प्रश्न वाढतात. हेडमास्तर मग सोपा मार्ग धरतात, सगळंच आत टाकतात. बऱ्याचदा वरून कुणी काही सांगितलेलंही नसतं. साहेब येणार एवढ्या बातमीवर खालचा माणूस स्वतःच फळी रिकामी करतो.

ह्यात तुमची ताकद कुठे आहे ते बघा. नोंद नसलेलं पुस्तक काढायला कुणाची परवानगी लागत नाही. नोंद झालेलं पुस्तक ही शाळेची मालमत्ता होते. ते कमी करायचं तर ठराव लागतो, कारण लागतं, सही लागते. तेव्हा भांडण्याआधी पालकांनी लेखी देणगीपत्र द्यावं, सोबत पुस्तकांची यादी जोडावी आणि दाखलनोंद करून क्रमांक टाकायला लावावेत. नोंदीत "ठिकाण" असा रकाना असतो, नसेल तर शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं: इयत्ता नववी, वर्गखोली. एवढा एक शब्द फार उपयोगी पडतो.

उचगावच्या बाळा, मोर्चाला माझी ना नाही, मी स्वतः अनेक मोर्चे केलेत. पण मोर्चा गेटवर आला की त्या बाईंना आत पहिल्यांदा बोलावून घेतील. ते बघून पाऊल टाक.

वडगाववाला
माझं मत वेगळं आहे, रागावू नका. माझी मुलगी आठवीत. तिच्या दप्तरात वर्गातल्या फळीवरची एक कादंबरी सापडली. पुस्तक मोठ्या माणसांसाठी चांगलंच असेल, पण त्यात बलात्काराचा प्रसंग पानभर सविस्तर होता. तेरा वर्षांची पोर. ती दोन रात्री आईजवळ झोपली. मी शाळेत जाऊन विचारलं, हे कुणी निवडलं? वर्गशिक्षक म्हणाले, कुणीतरी देणगी दिलीय, आम्ही वाचलेलं नाही. कुणीच न वाचता वर्गात ठेवायचं आणि पालकाने तोंड उघडलं की तो पुस्तकांचा शत्रू, हे मला मान्य नाही. आमच्याकडे मागावर बसून पोरं शिकवलीत आम्ही, पुस्तकाची किंमत आम्हाला कुणी शिकवायला नको.

पानगळ
मी ग्रंथपाल आहे, शाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात दोन्हीकडे काम केलंय. वडगावच्या दादांना आधी सांगते, तुमची तक्रार रास्त आहे. न वाचता फळीवर ठेवणं ही त्या शाळेची चूक. तुमच्या मुलीने काय वाचावं ह्यावर बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

फक्त त्यापुढची पायरी बघा. तुम्ही एका पुस्तकाबद्दल बोललात. ते पुस्तक दोघा-तिघांनी अथपासून इतिपर्यंत वाचायचं, एखादा उतारा नव्हे. मग ठरवायचं, आठवीतून काढून शिक्षकांच्या कपाटात ठेवायचं की दहावीच्या वर्गात. ठरलेलं लिहून ठेवायचं. ह्यात एक पुस्तक हललं, नव्व्याण्णव जागेवर राहिली. ताईंच्या शाळेत एकाही पुस्तकाबद्दल तक्रार नाही आणि सगळी पोत्यात गेलीत. ह्या दोन गोष्टी एका तागडीत घालू नका.

ग्रंथालयातून पुस्तकं आम्हीही काढतो. पानं सुटलेली, वाळवी लागलेली, माहिती जुनी झालेली. प्लूटोला नववा ग्रह म्हणणारं पुस्तक विज्ञानाच्या फळीवर ठेवून चालत नाही. पण त्या प्रत्येकाची यादी होते आणि ग्रंथालय समितीत मंजूर होते.

ताई, तुमच्या कामाची एक गोष्ट. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय असलंच पाहिजे त्याची यादी आहे. खोल्या, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, खेळाचं मैदान, आणि त्यातच ग्रंथालय. वर्तमानपत्रं, मासिकं आणि सर्व विषयांची पुस्तकं, आणि पुढे मुद्दाम लिहिलंय, गोष्टींच्या पुस्तकांसह. कायदा पहिली ते आठवीला लागू आहे. कर्नाटकात हायस्कूल आठवीपासून, म्हणजे तुमच्या शाळेतला आठवीचा वर्ग त्यात येतो. "अभ्यासक्रमाबाहेरचं नको" हे वाक्य ह्या कायद्यापुढे टिकत नाही. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी दरवर्षी शाळेच्या इयत्तांप्रमाणे ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत अनुदान मिळतं, ते काही पाठ्यपुस्तकं विकत घ्यायला नसतं. तुमची शाळा अनुदानित असल्याने ते पैसे तुम्हाला नाहीत, पण सरकारचं धोरण काय आहे ते त्यातून दाखवता येईल.

अजून एक. एनसीईआरटीने, म्हणजे पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, २०२२-२३ पासून दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग आणि मूलद्रव्यांची आवर्त सारणी कमी केली. मुलांवरचा भार हलका करण्याचं कारण दिलं. पाठ्यपुस्तकं अशी बारीक होत असताना ज्या पोराला पुढचं कळून घ्यायचंय त्याने कुठे जायचं? खेड्यातल्या हायस्कूलला तो आधार वर्गातल्या त्या फळीचाच असतो.

कुद्रेमानी_रोड
पानगळ ताई, +१. परिशिष्टाचं माहीतच नव्हतं. नोंदवहीची युक्ती आमच्या शाळेत उद्याच सांगतो.

शिवबसवनगर
मी घरी कन्नड बोलतो, शाळा कन्नड माध्यमात झाली, मराठी गल्लीत शिकलो. चुकलं तर सांभाळून घ्या.

उचगावच्या मित्राचा राग मला समजतो. मराठी पाटी, मराठी परिपत्रक ह्यावरून तुम्हाला जे सोसावं लागतं ते मी बेळगावात राहून बघतोय. पण पुस्तकं फक्त मराठी वर्गातून जातात असं समजू नका. माझा भाचा बैलहोंगलच्या बाजूला कन्नड हायस्कूलमध्ये आहे. तिथंही तपासणीच्या आधी वर्गातली गोष्टींची पुस्तकं गुंडाळून आत गेली, सगळी कन्नड होती. परत आली नाहीत.

आणि पाठ्यपुस्तकांचं आठवा. २०२२ मध्ये कर्नाटक सरकारने नेमलेल्या रोहित चक्रतीर्थ समितीने शाळेची पुस्तकं सुधारली तेव्हा कन्नडच्या पुस्तकातून पी. लंकेश, सारा अबूबकर ह्या कन्नड लेखकांचे पाठ गेले, हेडगेवारांचं भाषण आलं. लेखक देवनूर महादेव यांनी दहावीच्या पुस्तकात आपला पाठ घ्यायची परवानगीच काढून घेतली. बसवण्णांवरच्या मजकुरावर मठाधीशांनी हरकत घेतली. २०२३ मध्ये सरकार बदललं आणि जूनमध्ये मंत्रिमंडळाने हेडगेवार आणि सावरकर यांचे पाठ काढायचं ठरवलं, सावित्रीबाई फुल्यांवरचा पाठ घ्यायचं ठरवलं. पुस्तकं तोवर छापून शाळेत पोचली होती. समाजविज्ञानाचं पुस्तक तुमच्या मराठी माध्यमालाही भाषांतर होऊन तेच येतं, म्हणजे तुमची मुलंही ह्या ओढाताणीत आहेत.

कुठली बाजू बरोबर ह्यावर माझं मत आहे, पण इथे ते काढत नाही. मला एवढंच दाखवायचंय की तिथे निदान समितीचं नाव ठाऊक होतं, मंत्रिमंडळाचा निर्णय होता, कुठला पाठ गेला ते पेपरात छापून आलं, म्हणून माणसांना भांडता आलं. वर्गातल्या फळीवरून पुस्तक जातं तेव्हा ह्यातलं काही नसतं. भांडायचं कुणाशी?

उचगावचा
दादा, कन्नड पोरांचीपण पुस्तकं जाऊलालेत म्हणजे मराठी पोरांवरचा अन्याय कमी होत नाही. मराठी पुस्तक म्हटलं की "महाराष्ट्रातनं आणलं" हे पहिलं वाक्य असतंय. इंदिरा संत कुठल्या? आयुष्य बेळगावात काढलं त्यांनी, इथंच शिकवलं. जी. ए. कुलकर्णी चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, नोकरी धारवाडला. ही माणसं कुठल्या राज्यातनं आणली होती? १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो ह्याच बेळगावात. आमच्या मातीतली पुस्तकं आमच्याच वर्गात परकी ठरत असली तर ते बोललंच पाहिजे.

शिवबसवनगर
बोललंच पाहिजे, मान्य. माझं म्हणणं, बोलताना बैलहोंगलच्या पोरांनाही बरोबर घ्या. मग तुमच्या अर्जाकडे "सीमावादाचं प्रकरण" म्हणून बाजूला सारता येणार नाही.

टिळकवाडी_टू_टॅम्पा
मी मूळची बेळगावच्या टिळकवाडीची, आता अमेरिकेत फ्लोरिडात. धागा वाचून हात थरथरले, कारण इथे आमच्या शेजारच्या मनाटी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) हेच झालं.

२०२२ मध्ये इथे कायदा आला की शाळेतलं प्रत्येक पुस्तक प्रशिक्षित ग्रंथपालाने तपासून मंजूर केलेलं हवं. पुढे राज्याच्या शिक्षण खात्याने वर्गातल्या फळ्यांनाही तो लागू केला. ज्या शिक्षकांनी स्वतःच्या पगारातून पुस्तकं घेऊन वर्ग भरले होते त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. चुकीचं पुस्तक सापडलं तर फौजदारी गुन्हा होऊ शकतो, अशी भीती पसरली. जानेवारी २०२३ मध्ये मनाटीतल्या शिक्षकांनी वर्गातल्या फळ्यांवर कागद चिकटवले, काहींनी पुस्तकं उचलून घरी नेली. सरकार म्हणत होतं, आम्ही कुठे बंदी घातली? खरंच, बहुतेक पुस्तकांवर कुणी बंदी घातली नव्हती. शिक्षकांनी भीतीपोटी झाकली. वर निवृत्त सरांनी जे सांगितलं, साहेब येणार म्हणून खालचा माणूस स्वतःच रिकामी करतो, ते इथे डोळ्यांनी बघितलं.

२०२३ मध्ये अजून एक कायदा. लैंगिक मजकुराच्या कारणाने पालकाने हरकत घेतली की पाच शालेय दिवसांत ते पुस्तक काढायचं आणि निर्णय होईपर्यंत बाहेरच ठेवायचं. वडगावच्या दादांसारखे खरोखर काळजीचे पालक इथेही आहेत. पण मोजक्या माणसांनी शेकडो पुस्तकांवर अर्ज टाकले. पेन अमेरिका ही लेखकांची संस्था अशा घटनांची नोंद ठेवते. २०२३-२४ ह्या एका शालेय वर्षात देशभरात १० हजारांवर नोंदी झाल्या, सगळ्यात जास्त फ्लोरिडात.

कोर्टाचं सांगते. १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आयलंड ट्रीज शाळा मंडळाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. स्टीव्हन पिको हा हायस्कूलचा विद्यार्थी आणि त्याचे सोबती विरुद्ध शाळा मंडळ. मंडळाने ग्रंथालयातून पुस्तकं काढली होती. विचार आवडले नाहीत एवढ्या कारणाने शाळेला ग्रंथालयातलं पुस्तक काढता येत नाही, असं मुख्य निकालपत्रात म्हटलं गेलं. पण न्यायाधीशांचं त्यावर बहुमत झालं नाही, म्हणून आजही प्रत्येक खटल्यात दोन्ही बाजू त्या निकालाचा आपल्याला हवा तसा अर्थ लावतात. ऑगस्ट २०२५ मध्ये इथल्या संघराज्य न्यायालयाने २०२३ च्या कायद्यातला एक भाग घटनाबाह्य ठरवला. पण त्या वर्गातली मुलं तोवर शाळा सोडून गेली. कोर्टाच्या वेळापत्रकात नववीचं वर्ष बसत नाही. म्हणून ताई, तुम्ही जुलैतच हालचाल करताय हे फार बरं आहे.

वडगाववाला
ताई, तुमचं वाचलं. मला हे असं नको होतं. मी एका पुस्तकाबद्दल बोललो होतो आणि नंतर कळलं की आमच्या शाळेतही त्या निमित्ताने सगळी फळी आत गेली. पानगळ ताईंनी सांगितल्याप्रमाणे वाचून ठरवणारी पालकांची समिती असेल तर मी त्यात बसायला तयार आहे. संध्याकाळी माग बंद झाला की वाचीन.

खडू
शिक्षिका आहे, तालुका सांगत नाही. कृपा करून एक करा. अर्जात बाईंचं नाव कुठेही घालू नका. "आमच्या लाडक्या बाईंनी जमवलेली पुस्तकं" असं प्रेमाने लिहाल आणि तेच वाक्य कारणे दाखवा नोटिशीत उलटं होऊन येईल. पुस्तकं पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी दिली, एवढंच लिहा. खरंही तेच आहे.

आम्ही शिक्षक गप्प का बसतो असं सगळे विचारतात. वर्गात साठ मुलं, पोर्टलवर भरायची माहिती, एसएसएलसीच्या (दहावीच्या) निकालाची टक्केवारी. पहिली भाषा १२५ गुणांची, त्यात मूल मागे पडलं तर जाब आम्हाला. आणि तेच मूल अवांतर वाचत असेल तर निबंधात, उताऱ्याच्या प्रश्नात किती फरक पडतो ते आम्ही पेपर तपासताना बघतो. ज्या वर्गात फळी आहे तिथलं निबंधाचं वाक्य वेगळं असतं. पाठ केलेलं नसतं. हे हेडमास्तरांना सांगा, निकालाच्या भाषेत. ती भाषा त्यांना आणि साहेबांना दोघांनाही कळते.

उद्यमबाग_शिफ्ट
मी शिकलेला फार नाही, आयटीआय करून उद्यमबागेत कारखान्यात आहे. आमच्या हायस्कूलच्या वर्गात पण अशी फळी होती. त्यावर मोटर रिवाइंडिंगचं एक पुस्तक होतं, कुणीतरी गॅरेजवाल्याने दिलेलं, पानांना ग्रीसचे अंगठे. मला मराठीचा तास नको वाटायचा, कविता डोक्यावरून जायची. सर म्हणाले, तुला जे वाचायचं ते वाच पण गप्प बसून वाच. मी ते पुस्तक घरी नेलं आणि वडिलांच्या विहिरीवरची जळालेली मोटर उघडून बसलो. आकृती बघून तारेचे वेढे मोजले. मोटर काही चालू झाली नाही, पण वेढे कसे घालतात ते हाताला कळलं. आज तेच काम करतोय.

ते पुस्तक कुठल्या अभ्यासक्रमात बसत होतं? अभ्यासक्रमाबाहेरचं काढा म्हणणाऱ्याने माझ्यासारख्या पोरांचा विचार केलेला नसतो. हुशार पोरांना कुठंही पुस्तक मिळतं. आम्हाला वर्गात समोर होतं म्हणून मिळालं. पोती हलवायला, फळ्या दुरुस्त करायला माणूस लागला तर रविवारी येतो.

अर्जफाट
अर्ज लिहून देणं हे माझं रोजचं काम. आता मुद्द्याचं.

पहिला अर्ज हेडमास्तरांना आणि संस्थेच्या चेअरमनना, प्रत गट शिक्षणाधिकाऱ्यांना. मराठीत द्या. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं देता येतं, "कन्नडमध्ये आणा" म्हणून परत करता येत नाही. तरी सोबत कन्नड प्रत जोडली तर काम लवकर होतं, अनुभवाचं सांगतो.

दुसरा, माहिती अधिकाराचा. गट शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपये फी. कर्नाटकात नियम असा की अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. लोक पानभर कहाणी लिहितात आणि अर्ज परत येतो. एवढंच विचारा: अनुदानित हायस्कूलच्या वर्गखोल्यांतून पाठ्यपुस्तकांव्यतिरिक्तची पुस्तकं काढण्याबाबत ह्या वर्षी आपल्या कार्यालयाने काढलेल्या आदेशाची किंवा परिपत्रकाची प्रत द्यावी. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "असा कोणताही आदेश नाही" एवढं उत्तर आलं तरी पुरे, ते फ्रेम करून हेडमास्तरांच्या खोलीत लावता येईल. आदेश असेल तर सहीसकट हातात येईल, मग मोर्चावाल्यांनाही दिशा मिळेल.

पानगळ
गावात ग्रामपंचायतीचं अरिवु केंद्र, म्हणजे वाचनालय, असेल तर तिथेही बघा. २०२० मध्ये "ओदुव बेळकु" मोहिमेत ६ ते १८ वर्षांच्या मुलांना तिथलं सभासदत्व मोफत केलंय. पोत्यातली पुस्तकं पावसापुरती तरी कोरड्या जागी ठेवता येतील. पण शाळेने "आता तिथेच राहू द्या" म्हटलं तर ऐकू नका. तात्पुरतं ठेवल्याची पावती घ्या. आणि आधी पोती उघडून पुस्तकं उभी, सुटी, वाऱ्यावर ठेवा. ओल लागलेली उन्हात टाकू नका, पुठ्ठे वाकतात. पानांमध्ये कोरा कागद घालून पंख्याखाली. कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकला तर कसर कमी लागते.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे आभार. काल आम्ही काही पालक हेडमास्तरांना भेटलो. उद्यमबागच्या दादांचा प्रतिसाद मी मोबाईलवर त्यांना वाचून दाखवला, आणि खडू ताईंचा निबंधाचा मुद्दा. सरांनी पोती उघडू दिली. वरची पुस्तकं ठीक आहेत, तळाच्या दिवाळी अंकांना ओल लागलीय, ते पंख्याखाली पसरलेत. फळीवर ठेवायला मात्र ते अजून तयार नाहीत, तपासणी होऊ द्या म्हणतात. दाखलनोंद करून देतो असं तोंडी म्हणाले. तोंडी आता आम्ही घेत नाही.

अर्जाचा मसुदा असा केलाय:

"आम्ही इयत्ता आठवी ते दहावीचे पालक. पालक व माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दिलेली पुस्तकं (यादी सोबत) जूनमध्ये वर्गखोलीतून काढण्यात आली. त्याबाबतचा लेखी आदेश असल्यास त्याची प्रत मिळावी. नसल्यास सर्व पुस्तकांची दाखलनोंद करून ती इयत्ता नववीच्या वर्गखोलीत पूर्ववत ठेवावीत. एखाद्या पुस्तकाबाबत हरकत असल्यास पुस्तकाचं नाव व कारण लेखी कळवावं. पालक, शिक्षक व ग्रंथपाल यांची समिती ते पुस्तक पूर्ण वाचून पंधरा दिवसांत अभिप्राय देईल. समितीसाठी तीन पालकांची नावं सोबत देत आहोत."

यादी मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी देवघेवीच्या वहीवरून उतरवून काढलीय. काही राहिलंय का, सांगा.

हेडमास्तर_निवृत्त
"पूर्ववत ठेवावीत" च्या पुढे तारीख घाला. तारीख नसलेला अर्ज फायलीत झोपतो. ३१ जुलैपर्यंत, असं लिहा. आणि पोच घेताना शिक्का, आवक क्रमांक, सही, तिन्ही बघून घ्या.

उचगावचा
मोर्चा थांबवतो मावशी. पण ३१ जुलैला नाही झालं तर मग अडवू नका.

शिवबसवनगर
कन्नड प्रत मी लिहून देतो, आज रात्री इथेच टाकतो. बैलहोंगलच्या शाळेसाठी पण हाच मसुदा वापरतोय, तिथले पाच पालक तयार झालेत. शब्द बदलावे लागले तर विचारीन.

मलप्रभाकाठ
नक्की वापरा. तारीख घातली. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्ज द्यायला जाणार आहोत. खानापुरातल्या ज्या पालकांना यायचंय त्यांनी व्यक्तिगत निरोप करा, स्टँडवर कुठे जमायचं ते कळवते.